झेंडूच्या माळेतले अपा

१४ सप्टेंबर
लिंकन हाइट्स, लॉस एंजेलिस

अपा,

हे पत्र मी ऑगस्टपासून टाळतेय. आधी कागद नाही म्हणून टाळलं, कागद आणला तर पेन धड नाही म्हणून, आणि गेला आठवडाभर फार उकडतंय म्हणून. उकडतंय हे मात्र खरं. मी दोन्या चायोच्या घरामागच्या गॅरेजमध्ये राहते. तिनं भिंतीत एक खिडकी पाडली आणि गॅरेजला खोली म्हणायला लागली. खिडकी उघडली की तिचा कोंबडा मान आत घालून बघतो, मी उठले की नाही ते. बंद केली की भट्टी.

मी नेरेइदा. तुमची मुलगी. स्वतःच्या बापाला नाव सांगायचं म्हणजे विचित्रच, पण तुम्ही मला शेवटची पाहिलीत तेव्हा माझे पुढचे दोन दात पडलेले होते. आता आहेत.

पत्ता अमानं दिला. कुठेही न बघता, तोंडपाठ. घराचा नंबर, गल्ली, सीमेवरचं कालेक्सिको, सगळं. मी म्हटलं, "अमा, तुला कसा माहीत?" तर म्हणाली, "तव्यावर तोर्तिया करपतेय," आणि फोन ठेवला. तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली आणि आमच्या घरात तुमचं नाव काढायची सोय नव्हती, आणि हिला पिनकोडसकट पाठ.

मी नटी आहे. अमा त्याला 'तिचं ते टीव्हीचं' म्हणते. कॉलेज अर्ध्यात सोडलं. एका मैत्रिणीच्या व्हॅनमधून अल्बुकर्कीला गेले, तिथल्या एका नाटक मंडळीत झाड झाले होते. गंमत नाही, खरंच झाड. मग थोडे महिने न्यूयॉर्क, मग अटलांटा, कारण कुणीतरी म्हणालं तिथे काम आहे. होतं. मोलकरणीचं. तेव्हापासून मी मोलकरीण झालेय, प्रेत पहिल्यांदा जिच्या नजरेला पडतं ती सफाईवाली झालेय, ड्रगवाल्याची बायको झालेय जी नावं पडद्यावर यायच्या आत मरते. अमानं माझी पहिली मोलकरीण पाहिली तेव्हा लगेच फोन आला. मला वाटलं कौतुक. म्हणाली, "अशी पुसतात फरशी? दाराकडून आत? मग बाहेर कशी येणार होतीस, उडत?"

बघा, कुठे भरकटले. मुद्दा लिहायचाय म्हणून आंबा कापून आणला, त्याला तिखट लावलं, खाल्ला, हात धुतले. आता काही उरलं नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी मी काम करते त्या मालिकेचा एक भाग दाखवणार आहेत. मृतांच्या दिवसाचा. त्यात मी मोलकरीण नाही, मोलकरणीची मुलगी आहे. प्रगती म्हणायची. त्या घरात ऑफ्रेंदा मांडलीय. पायऱ्या, झेंडूच्या माळा, मेणबत्त्या, गोड पाव, आणि गेलेल्या माणसांचे फोटो. मधल्या फोटोवर कॅमेरा बराच वेळ थांबतो.

तो फोटो तुमचा आहे.

लिहिलं एकदाचं. तुम्हाला हे टीव्हीवरून कळू नये, माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी हे पत्र. अमाला टीव्हीवरूनच कळलं. लाँड्रीत कपडे वाळायची वाट बघत बसली होती, भिंतीवरच्या टीव्हीला जाहिरात लागली. तिथूनच तिनं फोन लावला. मागे मशीन घरघरत होती आणि ही ओरडत होती, "जिवंत माणसाला फुलं घातलीस? जिवंत माणसाला? ही जागा गेलेल्यांना बोलावण्याची असते, अक्कल नाही तुला? त्याला बोलावलंस तू!"

मी म्हटलं, "अमा, तूच तर रोज म्हणायचीस, मरो तो."

"ते बोलायचं असतं," ती म्हणाली. "फोटो ठेवायचा नसतो."

तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही, पत्त्यापुरतं सोडून. तुम्ही बरे आहात एवढं कळवा. एक ओळ पुरे. तुमच्याबरोबर राहते ती बाई पत्र तुमच्या हाती पडू देणार असेल तर.

नेरेइदा


२ ऑक्टोबर

अपा,

उत्तर नाही. मीही तुमच्या जागी असते तर दिलं नसतं. मेलेली माणसं पत्रं लिहीत नाहीत. (हा विनोद होता. अमाला सांगू नका.)

मागच्या पत्रात फोटो तिथे गेला कसा, ते मी लिहिलं नाही. वाचताना तुम्हाला वाटलं असेल, पोरीनं चुकून दिला. चुकून नाही दिला.

या मालिकेच्या ऑडिशनला गेले तेव्हा बाहेर आम्ही पुष्कळजणी होतो. सगळ्यांचे केस काळे, सगळ्यांच्या कानात मोठी गोल कर्णफुलं. कुणी सांगितलं नव्हतं, तरी सगळ्यांनी घातलेली. एकमेकींकडे बघून हसलो. सगळ्या या धंद्यात पुरत्या दमलेल्या. एक एल साल्वादोरची, एक पोर्तो रिकोची, एक टेक्ससची, जिला स्पॅनिशचा एक शब्द येत नाही आणि जिला मेक्सिकन वाटावं म्हणून क्लास लावावा लागला होता. मला उलटं. मागे एकदा मेक्सिको सिटीत कामासाठी गेले तर तिथला दिग्दर्शक म्हणाला, "पोरी, तू तर गोरी बाई बोलते तशी बोलतेस." आणि इथे आले की म्हणतात, "जरा अजून मेक्सिकन करशील का?" अजून म्हणजे किती, कुठवर, ते कुणी सांगत नाही. पायजमा घालून दात घासते तेव्हा मी किती मेक्सिकन असते कोण जाणे.

आत टेबलामागे मेरेडिथ नावाची बाई होती, नट निवडणारी. माझे संवाद संपले. ती पेन ठेवून म्हणाली, "छान. आता तुझ्याबद्दल सांग. काहीतरी खरं."

खरं काय सांगायचं, अपा? माझा बाप फरशा बसवायला इंपीरियल खोऱ्यात गेला, तिथल्या एका बाईबरोबर राहिला आणि आलाच नाही, हे? ही गोष्ट कुठल्याही गल्लीत मिळते. आयोवातही मिळत असेल. तिचे डोळे आधीच ओले व्हायच्या तयारीत होते, आणि ते कशासाठी होते ते मला कळलं. इतक्या मोलकरणी केल्यावर कळतंच. मी म्हटलं, "माझे वडील वाळवंटात गेले. सीमा ओलांडून आमच्याकडे यायला निघाले होते."

हुंदका कुठे थांबवायचा, खाली कधी बघायचं, सगळं बरोबर जमलं. इतका चांगला अभिनय मी आधी केला नव्हता आणि नंतरही नाही. आणि तो भूमिकेत नव्हता.

काम मिळालं. ब्रेंट नावाचा लेखक आहे, मनानं वाईट नाही, त्यानं मेरेडिथकडून ते ऐकलं आणि माझ्या पात्राचा बापही वाळवंटात मारला. मला विचारलं, "चालेल ना? तुझं आहे म्हणून विचारतोय." मी म्हटलं, चालेल. मग मृतांच्या दिवसाचा भाग आला तेव्हा सामान लावणारी बाई सगळ्यांना म्हणाली, आपापल्या घरचे फोटो आणा, खरे असले की पडद्यावर दिसतं. आता आमच्यात मेक्सिकन मी एकटी. मालिकेत आजोबा होतो तो ओस्वाल्दो मायामीचा क्युबन. मला म्हणाला, "आम्ही मेलेल्यांना पाव देत नाही गं, आम्ही त्यांच्यावरून भांडतो." बाकीचेही तसेच. त्यामुळे सगळे माझ्याकडे बघत होते. मी आजीचा दिला, चेमा काकाचा दिला. मधली मोठी चौकट रिकामी. ब्रेंट हळूच म्हणाला, "आणि वडिलांचा?"

तुमचा फोटो माझ्या पर्समध्ये असतो. पांढरी टोपी, मिशी, ट्रकच्या बोनेटला टेकलेले. का असतो विचारू नका.

मी नाही म्हणू शकले असते. नाही म्हटलं असतं तर खोटं उघडं पडलं असतं. म्हणून काढून दिला. त्या बाईनं दोन्ही हातांनी घेतला, देवाचा घेतात तसा. चौकटीत बसवला, माळ घातली, मेणबत्ती लावली. सेट खोटा, भिंती प्लायवूडच्या, पण झेंडू खरे होते. वास खरा होता. आपल्याकडे बोलावतात ते वासावरच ना?

सगळे म्हणाले, तो शॉट फार सुंदर झाला.

तुम्ही ठीक आहात का? तेवढंच लिहा. त्या बाईला लिहायला लावा हवं तर. तिचं तोंड मी पाहिलेलं नाही, पण अमाच्या वर्णनावरून तिला शेपूट असावं.

नेरेइदा


१५ ऑक्टोबर

अपा,

आजचं पत्र उभ्यानं लिहितेय, दोन्या चायोच्या इस्त्रीच्या टेबलावर. ती पलीकडे तमालसाठी मक्याची पानं भिजत घालतेय आणि मधूनमधून विचारतेय, "कुणाला एवढं? प्रियकर आहे का?" मी म्हटलं, बाप आहे. म्हणाली, "मग अक्षर बरं काढ."

बातमी अशी. मालिकेच्या प्रसिद्धीसाठी एका मासिकाला माझी मुलाखत हवी होती. माझी! मोलकरणीला कुणी विचारत नाही, तिच्या मुलीला विचारतात. आणि विषय काय, तर वाळवंटात हरवलेला बाप आणि पडद्यावर त्याला निरोप देणारी लेक. तुमच्या फोटोसकट दोन पानं. माझा चेहरा मोठा, पूर्ण पान. माझा चेहरा आजवर पुसण्याच्या काठीमागे असायचा.

दोन दिवस मी त्या पानाचा विचार केला. खोटं कशाला बोलू, केला. पान डोळ्यांसमोर दिसत होतं. त्या पानानंतर काय काय मिळालं असतं, तेही.

मग आपल्या चर्चजवळच्या फुलवाल्या बाईकडे उभी होते, काही घ्यायचं नव्हतं, उगाच. तिथे एक म्हातारी एका फोटोला साजेशी माळ निवडत होती. नवऱ्याचा असेल, मुलाचा असेल. फोटो दुकानभर सोबत घेऊन फिरत होती आणि प्रत्येक माळ धरून बघत होती. तिचा माणूस कुठे गेला मला माहीत नाही. पण आमच्या गल्लीत अशी घरं आहेत, अपा, जिथून माणूस खरंच निघाला आणि वाळवंटातून आला नाही. हाडंही नाहीत. गोन्सागा आजींचा थोरला. त्यांना कुणी दोन पानं दिली नाहीत. त्यांचं मरण मी उचललं आणि तुमच्या गळ्यात घातलं, आणि तुम्ही तिकडे कालेक्सिकोत बसून शेंगा खाताय.

दुसऱ्या दिवशी ब्रेंटला गाठलं आणि सांगितलं. सगळं. तुम्ही जिवंत आहात, फरशा बसवता.

तो आधी हसला. मग हसायचा थांबला. मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला त्याचीच दया आली. म्हणाला, "पण एका अर्थी हे तुम्हा सगळ्यांचंच सत्य आहे ना?"

"कुणा सगळ्यांचं?" मी म्हटलं.

"म्हणजे, तुमच्या लोकांचं."

"माझा बाप एका बाईसाठी गेला, ब्रेंट. हे कुठल्या लोकांचं सत्य आहे?"

तो म्हणाला, भाग तयार आहे, आता बदलता येणार नाही. मुलाखत रद्द करू, आजारी आहे म्हणू. आणि मी हे बाहेर बोलू नये. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. आज एजंटचा फोन आला, पुढच्या वर्षी माझं पात्र नसेल. त्याला कथेच्या गरजा म्हणतात. मालिकेतली मी, मारिसेल, म्हणे शिकायला दूर जाते. आमच्यातली एक तरी शिकली.

ओस्वाल्दोला सांगितलं तर तो म्हणाला, "मूर्ख आहेस. मी तीस वर्षं लोकांना सांगतोय की मी क्युबाहून तराफ्यावरून आलो. विमानानं आलो, खिडकीची सीट होती." मग म्हणाला, "पण आता ते विमान मलाच आठवत नाही गं."

मला रडू आलं नाही. राग आला नाही. दमलेय फक्त. मला एकदा अशी बाई करायचीय जिची बस चुकते. एवढंच. ती थांब्यावर उभी राहते, वैतागते, पिशवी या हातातून त्या हातात घेते, दुसरी बस येते, जाते. मागे गिटार नको. कुणी मरायला नको. तिचं आडनाव आपल्यासारखं अर्रियागा असावं आणि त्याचं कुणाला काही वाटू नये. असं कुणी लिहीत नाही. मीच लिहायला हवं, पण मला व्याकरण येत नाही आणि एका जागी बसवत नाही, हे तुम्ही बघताच आहात.

भाग अठ्ठावीस तारखेला आहे. ते चॅनल तुमच्याकडेही दिसतं. मला तुमची माफी नकोय. म्हणजे हवीय, पण ती मागायला हे लिहीत नाही. तुम्हाला पडद्यावर स्वतःचं मरण दिसेल तेव्हा दचकू नये म्हणून लिहितेय. तुमचं वय झालं.

अमा अजून बोलत नाही. पण दोन्या चायो सांगत होती, की अमा चर्चमध्ये तुमच्या नावानं मेणबत्ती लावून गेली. जिवंतांच्या बाजूला, मुद्दाम पाद्र्याला विचारून.

नेरेइदा


२७ ऑक्टोबर

अपा,

तुमचं उत्तर येणार नाही हे आता मी धरून चाललेय, त्यामुळे हे पत्र सोपं जातंय.

उद्या ते दाखवतील. दोन्या चायोनं सगळ्या गल्लीला बोलावलंय, खुर्च्या मागवल्यात. मी तिला म्हटलं, मी नसेन. म्हणाली, "तुझ्यासाठी कोण बोलावतंय, टीव्ही माझा आहे." मी कुठे असेन माहीत नाही. गाडीत पेट्रोल भरून ठेवलंय. उत्तरेला सॅलिनासला एक मैत्रीण आहे, तिच्याकडे कोबीच्या पॅकिंगचं काम मिळतं. आधी अशी वेळ आली की मी निघून जायचे. अमा म्हणते ते तुमच्याकडून आलं. मला खूप वर्षं वाटायचं, तुम्ही यायचं ठरवलं असतं तर चार तासांचा रस्ता. मग मी एकदा एकटीच तिकडे आले होते, दोन वर्षांपूर्वी. तुम्हाला सांगितलं नाही. तुमची गल्ली तेवढी ऐकून माहीत होती, घर नाही; तिच्या तोंडाशी गाडी लावून बसले, बर्फाचा गोळा खाल्ला आणि परत फिरले. परतताना वाळवंटात तो तपासणी नाका लागला. हिरव्या गणवेशातल्या माणसानं खिडकीत वाकून विचारलं, अमेरिकन नागरिक? मी हो म्हटलं, त्यानं हात हलवला, गेले. झालं. आणि पुढे गेल्यावर मी गाडी कडेला घेतली. तुमच्यासारखा, राहण्याचे कागद नसलेला माणूस त्या हाताखालून कसा येणार? तिकडे अडकलेला माणूस दक्षिणेला गेला तर सीमा, उत्तरेला आला तर नाका. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा अमानं सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल. तुम्ही त्या बाईसाठी गेलात ते गेलातच, त्याला मी नाक्याला जबाबदार धरत नाही. पण न येणं आणि येता न येणं यातलं किती कुठलं, ते मला आता सांगता येत नाही. आणि याची गोष्ट करून कुणाला विकताही येणार नाही, इतकी ती अर्धवट आहे. चांगलंच आहे.

थांबा, कोंबडा ओरडतोय. गेटशी कुणीतरी आहे.

—

अपा, गेटशी एक बाई उभी होती. ठेंगणी, पिकल्या केसांची वेणी, कपाळावर घाम. मला वाटलं दोन्या चायोला भेटायला आलीय. म्हटलं, "दोन्या चायो मागे आहे, हाक मारू?"

"नेरेइदा ना तू? नाकावरून ओळखलं," ती म्हणाली. "मी ब्रिखिदा. कालेक्सिकोहून पहाटे निघालेय, आधी पाणी दे."

मी पाणी दिलं. दुसरं काय करणार? ती गॅरेजच्या पायरीवर बसून ग्लास संपेपर्यंत प्यायली. मी उभीच. शेवटी माझ्या तोंडून निघालं, "पत्रं मिळाली का त्यांना?"

"तीन मिळाली. मीच वाचून दाखवली. तुझ्या बापाला, फेर्मिनला, वाचता कुठे येतं?"

मी म्हटलं, काहीतरी काय, अपा दर रविवारी पेपर उघडून बसायचे. पानं उलटायचे. मान हलवायचे. मला आठवतं.

"नाटक," ब्रिखिदा म्हणाली. "तुझ्यात कुठून आलं वाटलं?"

मग म्हणाली, की सगळं वाचलं, एक शब्द गाळला नाही, तिच्याबद्दलचंही नाही. तुम्ही हसत होतात, तिनं तुम्हाला उशी मारली. उत्तर ती लिहून द्यायला तयार होती, पण तुम्ही नको म्हणालात. पोरीशी पहिल्यांदा बोलायचं ते दुसऱ्याच्या हातानं नाही, म्हणालात. आणि फोटो कुठला म्हणून विचारलंत. टोपीचा असेल तर चालेल, त्यात मिशी बरी आहे, म्हणालात.

ती आता अंगणात बसलीय. दोन्या चायोनं तिला तमाल वाढलेत आणि ती कोण ते अजून विचारलेलं नाही, पण विचारेल. मी पिशवीत कपडे भरतेय आणि मधेच हे लिहितेय, कारण ब्रिखिदा म्हणाली, सुरू केलंयस तर पुरं कर, मी गाडीत ठेवते, घरी तुझ्यासमोर वाचून दाखवीन. गाडी माझीही आहे, पण तिच्या गाडीतूनच जायचंय म्हणाली. दिवस असतानाच वाळवंट पार करू.

तुमचा निरोप तिनं मला गेटवरच सांगितला. तुम्ही सांगितलं तसाच, म्हणाली. "उद्या टीव्हीवर मी मेलेला दिसणार, तर ते मी एकटा बसून बघणार नाही. पोरीला घेऊन ये."